गुत्ता, परमिट रूम आणि सुधाकराचा पेला

मराठीच्या वर्गात दारूचा विषय निघाला की ‘एकच प्याला’ आलाच. आम्हीही वर्षानुवर्षे तेच शिकवत आलो आहोत, तेव्हा पुढच्या टीकेतून स्वतःला वगळण्याचा आमचा मानस नाही. गडकऱ्यांचे हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले आणि पिण्याच्या जागेकडे पाहण्याची मराठी समीक्षेची नजर जणू त्याच्याकडे गहाण पडली. पण सुधाकर वकील होता. त्याची शोकांतिका पांढरपेशा घरातली. तीच फूटपट्टी लालबाग-परळच्या गिरणी कामगाराला लावताना आपण वर्गभेद सोयीस्करपणे विसरतो.

मुळात ‘गुत्ता’ म्हणजे मक्ता. मराठवाड्यात कंत्राटदाराला आजही गुत्तेदार म्हणतात. सरकारने मक्ता द्यावा, मक्तेदाराने दारू विकावी आणि महसूल तिजोरीत पडावा, ही अबकारीची जुनी रीत. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने तिच्यावरची सरकारी पकड घट्ट केली. ज्या शब्दातच राज्यकर्त्यांचा हिशेब दडला आहे, तो आपण केवळ मजुराच्या अधःपाताचा शब्द म्हणून वापरतो. भाषेच्या प्राध्यापकांना हे शोभत नाही.

पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आला. हातभट्टीची नवटाक घरगुती अड्ड्यांवर, ‘आंटी’कडे मिळू लागली. साठच्या दशकात बंदी सैलावली, पण कायदा गेला नाही. पिण्यासाठी परवाना आजही लागतो, आणि तो मूळचा प्रकृतिस्वास्थ्याच्या कारणासाठी! गिरगाव-दादरच्या पाट्यांवरचे ‘परमिट रूम’ हे शब्द या दांभिकपणाचेच अपत्य. (विनोदी लेखकांनी या परवान्याकडे फारसे लक्ष दिले नाही, याचे आम्हाला नवल वाटते.)

आता गुत्त्याचे अंतरंग. लाकडी बाकडी, मिणमिणता दिवा, चकण्याला चणे नाहीतर उकडलेले अंडे. एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे गडी, जेवण खानावळीत. ज्याला पाठ टेकायलाही पाळीची वाट पाहावी लागे, त्याला चार घटका बसायला, गावाकडची खबर ऐकायला आणखी कुठली जागा होती? वाचनालयात जायचे होते, असे म्हणणाऱ्यांनी तीन पाळ्यांचे वेळापत्रक एकदा समोर ठेवावे.

याचा अर्थ आम्ही गुत्त्याची आरती ओवाळतो आहोत असा नव्हे. पगाराच्या दिवशी गुत्त्यात उरलेला पैसा घरी पोचत नसे आणि त्याची किंमत बायकांनी मोजली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते; पगार थांबला तेव्हा खानावळ चालवणाऱ्या बायकांची उधारीही अडकली. त्यांच्या वहीत जो इतिहास आहे, तो सिंधूच्या अश्रूंत सापडत नाही. सिंधूचे सोसणे आपण पातिव्रत्य म्हणून शिकवतो, यांचे मुळीच शिकवत नाही.

गिरण्यांच्या आवारात आता पब आहेत. कमला मिलच्या आवारातल्या पबांना २९ डिसेंबर २०१७ रोजी आग लागली आणि १४ जण गेले. त्यांतल्या पिणाऱ्यांना कुणी सुधाकर म्हटले नाही. ते ग्राहक होते. गुत्त्यात बसणारा मात्र आजही दारुडाच.

येत्या सत्रापासून ‘एकच प्याला’चा पहिला तास ‘गुत्ता’ या शब्दावर घ्यायचा, असे आम्ही ठरवले आहे. विभागातल्या ज्येष्ठांना ते रुचणार नाही, हे ठाऊक आहे.