देवदर्शनाला एस.टी. की मोबाईलवरची मोटार?

द्राक्षाची काढणी आटोपली, कांदा चाळीत पडला की नाशिक जिल्ह्यातला शेतकरी दोन ठिकाणी जातो. एक सोसायटीत आणि दुसरे देवाला. पहिल्या ठिकाणी कोणी हौसेने जात नाही, म्हणून आज दुसऱ्याविषयी लिहितो.

सकाळी निघून रात्री घरी येता येईल अशी ठिकाणे आपल्याकडे भरपूर आहेत. नाशिकहून त्र्यंबकेश्वर तीसेक किलोमीटर, वणीचा सप्तशृंगी गड साठ-पासष्ट, शिर्डी नव्वदच्या आसपास. पूर्वी फार विचार करावा लागत नसे. एस.टी. असायची, नाहीतर गावातली जीप. आता तिसरी सोय झाली आहे. खिशातला मोबाईल काढायचा आणि ओला किंवा उबरची मोटार बोलवायची. घरातल्या तरुण पोरांचा आग्रह असतो की आजी-आजोबांना कशाला बसचे धक्के, मोटार दारात येईल. विस्ताराच्या कामासाठी गावोगाव फिरताना करपा-भुरीच्या जोडीला हा प्रश्नही मला विचारला जातो. बचत गटाच्या भगिनी तर हमखास विचारतात. माझे मत सरळ आहे. जायचे-यायचे ते एस.टी.ने, आणि मोबाईलवरची मोटार लागलीच तर ती नाशिक शहराच्या आत.

आधी हिशेब करू. फवारणीचा खर्च आपण एकरी काढतो, तसा हा माणशी काढायचा. समजा घरात सहा माणसे आहेत. आजोबा ७६ वर्षांचे, आजी ६८ वर्षांची, नवरा-बायको, आणि दोन मुले, एक ८ वर्षांचे व दुसरे ११ वर्षांचे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एस.टी. मोफत आहे, म्हणजे आजोबांचे तिकीट शून्य. ६५ ते ७५ वयाला अर्धे, म्हणून आजीचे अर्धे. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे, म्हणून सूनबाईंचे अर्धे. ५ ते १२ वयाची मुले, त्यांचीही अर्धी अर्धी. पूर्ण तिकीट एकट्या कर्त्या पुरुषाचे. बेरीज केली तर सहा माणसे तीन तिकिटांत जातात आणि तीन तिकिटांत येतात. जानेवारी २०२५ मध्ये एस.टी.ने भाडे जवळपास १५ टक्क्यांनी वाढवले तेव्हा बरीच ओरड झाली. ती रास्तही होती, पण हे गणित त्याने फिरत नाही.

एक खुलासा येथेच करतो, कारण यावरून वाहकाशी वाद झालेले ऐकतो. ही सवलत एस.टी.ची आहे. नाशिक शहरात ८ जुलै २०२१ पासून धावणारी सिटीलिंक महापालिकेच्या अखत्यारीतली. ती त्र्यंबकलाही जाते, पण तिचे तिकीट आणि तिचे नियम वेगळे. तसेच सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच असते. सापुतारा गुजरातेत आहे, हे विसरून आजोबांना फुकट न्यायला निघू नये. ज्येष्ठांनी वयाचा पुरावा जवळ ठेवावा.

आता मोटारीचा हिशेब. छोट्या मोटारीत चालक सोडून चार माणसे बसतात. आपण सहा. म्हणजे मोठी गाडी बोलवा, नाहीतर दोन बोलवा. तिचे भाडेही ठरलेले नसते. मागणी वाढली की भाडे आपोआप चढते. केंद्र सरकारच्या जुलै २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत तर मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत आकारणीला वाव दिला आहे. कांदा उत्पादकाला हे नवीन नाही. लासलगावच्या लिलावात आवक वाढली की आपला भाव पाडतात. येथे गिऱ्हाईक वाढले की भाव चढवतात. दोन्हीकडे भाव ठरवणारा आपण नसतो, एवढे साम्य ध्यानात घ्यावे.

खरी अडचण परतीची आहे, आणि ती निघताना कोणालाच दिसत नाही. नाशिकमध्ये मोटार दहा मिनिटांत येते, कारण तेथे मोटारी फिरत असतात. वणीच्या गडावर सायंकाळी दर्शन करून, २०१८ साली सुरू झालेल्या ट्रॉलीने खाली उतरून तुम्ही मोबाईल काढाल तेव्हा तेथे कोणती मोटार उभी असणार? सकाळी सोडून गेलेला चालक रिकामा परतून कधीच शहरात लागला. मग जीपवाला म्हणेल ते भाडे. अडला हरी म्हणतात तशी गत. काही जण दिवसभरासाठी मोटार ठरवतात, तिला तास आणि किलोमीटर बांधलेले असतात. त्र्यंबकला श्रावणात रांगेत चार तास गेले तर वरच्या तासांचे मीटर बाहेर चालूच. मजुरीच्या भाषेत सांगायचे तर एस.टी. उक्ती आहे आणि ही मोटार तासावर.

गर्दीच्या दिवशी तर मोटारीचा फायदाच उरत नाही. नवरात्रात आणि चैत्रोत्सवात खासगी वाहने नांदुरीला पायथ्याशी अडवतात आणि वर फक्त एस.टी. सोडतात. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला त्र्यंबक रस्त्यावर हाच प्रकार. २०१५ च्या सिंहस्थात बाहेरून आलेल्या गाड्या शहराबाहेरच्या वाहनतळांवर उभ्या राहिल्या आणि भाविकांना पुढे एस.टी.नेच नेले. २०२७ मध्ये २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या ११-१२ तारखांना पर्वस्नाने आहेत. त्या दिवशी मोटारीला हजारो रुपये मोजून शेवटी बसमध्येच चढण्याची तयारी ठेवावी.

सुरक्षिततेबाबत मात्र कोणी छातीठोक बोलू नये. गडाच्या घाटात जानेवारी २००८ मध्ये खासगी बस दरीत कोसळून चाळीसहून अधिक भाविक दगावले. जुलै २०२३ मध्ये त्याच घाटात एस.टी.ही खाली गेली आणि एका महिलेचा मृत्यू झाला. घाट सर्वांना सारखाच. फरक पडतो तो नंतर. एस.टी.च्या प्रवाशाला महामंडळाकडून अपघात साहाय्य मिळते. गावातल्या पांढऱ्या पाटीच्या जीपचे तसे नाही. घरगुती वापराची म्हणून नोंदलेली गाडी भाड्याने चालवणे हा विम्याच्या अटींचा भंग आहे, आणि अपघातानंतर विमा कंपनी नेमके हेच पहिले विचारते. भाडे देऊन बसायचे तर पिवळी पाटी पाहूनच बसावे. पोलीस पाटलांनी हे यात्रेच्या आधी चावडीवर सांगितले तर बरे होईल.

एस.टी.चे दोष मी झाकत नाही. नाशिकला जुने सी.बी.एस., ठक्कर बाजार, मेळा आणि महामार्ग अशी निरनिराळी स्थानके. पाहुणा माणूस एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पिशव्या घेऊन पळतो. चौकशीच्या खिडकीवर उत्तर मिळेलच असे नाही. प्रसाधनगृहाबद्दल न लिहिलेले बरे. घरात आजारी माणूस असेल, दिवस भरत आलेली लेक असेल, तर खुशाल मोटार करावी, पैशाकडे पाहू नये. अंजनेरीला बस फाट्यावर सोडते, पुढची चढण पायी, हे म्हाताऱ्यांना झेपणारे नाही. गंगापूर धरणाकडच्या द्राक्षबागा आणि वायनरी पाहायच्या तर तेथे मोबाईलवरची मोटार सोयीची. रात्री उशिरा नाशिकरोड स्टेशनवर उतरलेल्या पाहुण्यालाही तीच बरी.

पण हा प्रश्न एका दिवसाच्या सहलीचा असता तर मी वर्तमानपत्राची जागा अडवली नसती. एस.टी.ची फेरी भारमानावर टिकते. गावची सकाळची आणि सायंकाळची बस अर्धी रिकामी धावू लागली की आगारात तिच्यावर फुली पडते. आता या बसमध्ये असते कोण? अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास घेतलेल्या शाळेच्या मुली, दवाखान्याला निघालेली म्हातारी, तहसीलच्या कामाला निघालेला अल्पभूधारक. यांच्यापैकी कोणी मोटार बोलवू शकत नाही. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एस.टी.चा संप होता, तेव्हा खेड्यातल्या मुलींची शाळा कशी चालली हे गावाला माहीत आहे. ज्याच्या हातात चार पैसे आले तो बागायतदार बसमधून उतरला, तर मागे उरलेल्यांसाठी ती बस फार दिवस धावत नाही. बस गेल्यावर ग्रामसभेत ठराव करणारेही बहुधा हेच बागायतदार असतात, ही गंमत आहे.

तेव्हा सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. महामंडळाने आषाढीला ४० किंवा अधिक प्रवासी जमले तर गावातून थेट पंढरपूरला बस देण्याची सोय केली होती. तशीच बस वणीच्या गडासाठी, त्र्यंबकसाठी मागावी. चाळीस माणसे जमवणे अवघड नाही. दोन बचत गट आणि एक भजनी मंडळ एकत्र आले की झाले. याशिवाय प्रासंगिक करारावर पूर्ण बस मिळते. लग्नाला आपण ती घेतोच, सहलीलाही घेता येते. मात्र करारावर भाडे गाडीचे लागते, तिकिटाच्या सवलतीचे गणित तेथे धरू नये. दोन्हींचे दर विचारून मगच ठरवावे.

दुसरी मागणी परतीच्या फेरीची. त्र्यंबकहून आणि गडावरून सायंकाळनंतर आपल्या तालुक्याकडे येणारी एक बस वाढवून मागावी. अर्ज नुसता ‘बस हवी’ असा नको. कोणत्या दिवशी, किती वाजता, अंदाजे किती प्रवासी, रस्त्यात कोणती गावे, शाळेच्या मुली किती, हे आकडे घालून अर्ज आगार व्यवस्थापकांना द्यावा आणि प्रत विभाग नियंत्रक, नाशिक यांना पाठवावी. अर्जाची पोच घ्यावी. बस मिळाली तर पहिले दोन महिने तिच्यात माणसे बसतील हे मात्र गावाने पाहायचे. गटाच्या सहलीची चौकशी निदान आठवडाभर आधी करावी. आषाढीच्या सुमारास केली तर उपयोग नाही, तेव्हा बऱ्याच गाड्या पंढरपूरकडे वळवलेल्या असतात.