राजीनाम्यातले ‘राजी’

नोकरी सोडताना देतात त्या कागदाला मराठीत राजीनामा म्हणतात. हिंदी-उर्दूत राजीनामा म्हणजे तडजोडीचा कागद, भांडणाऱ्या दोन्ही बाजू राजी झाल्या असे लिहून देणारा. दिसायला सारख्या पण अर्थाने वेगळ्या शब्दांची यादी करताना अनुवादाच्या कार्यशाळेत मी हा शब्द हमखास घेते. लोकांना गंमत वाटते. मलाही वाटायची.

मग एका संध्याकाळी मैत्रिणीचा फोन आला. ती एका मराठी वृत्तवाहिनीच्या डेस्कवर चौदा वर्षे होती. दिल्लीहून येणारा हिंदी आणि इंग्रजी मजकूर मराठीत आणणे हे तिचे काम. “अगं, मी राजीनामा दिला,” ती म्हणाली, आणि जरा थांबून, “दिला कसला, घेतला.” दुपारी एचआरने बोलावून दोन कागद समोर ठेवले होते. पहिल्यावर सही केली तर दोन महिन्यांचा पगार आणि अनुभवाचे पत्र. नाही केली तर दुसरा कागद, कामावरून काढल्याचा. विचार करायला वेळ मिळाला तो समोरचा चहा निवेपर्यंतचा. तिने सही केली. सहाच्या आत तिच्या ओळखपत्राने दार उघडेनासे झाले.

आपल्याकडे अशा वेळी ‘नारळ दिला’ म्हणतात. त्यात निदान देणारा कोण आणि घेणारा कोण हे कळते. राजीनाम्यात देणारा बदलतो. कंपनीच्या दप्तरी कपात झालेलीच नाही, एक बाई स्वखुशीने घरी गेली एवढीच नोंद आहे. आणि नोंद अशी असली की कायद्याचे दार वाजवायला जागा उरत नाही. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगार कमी करायची रीत घालून दिली होती. महिन्याची नोटीस, प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, शेवटी आला त्याला आधी काढायचे, आणि पुन्हा भरती निघाली तर काढलेल्यांना आधी विचारायचे. १९५५च्या श्रमिक पत्रकार कायद्याने नोटिशीची मुदत वाढवली, संपादकाला सहा महिने आणि इतर पत्रकारांना तीन. पण त्या कायद्यातला पत्रकार हा वर्तमानपत्रातला पत्रकार होता. वाहिन्या आल्या, हजारो माणसे तिथे कामाला लागली, कायदा छापील कागदापाशीच थांबून राहिला. २०२०च्या कामगार संहितांपैकी एकीने इलेक्ट्रॉनिक माध्यमांतल्या पत्रकाराला व्याख्येत घेतले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या संहितेने ठरावीक मुदतीच्या नेमणुकीला मान्यता दिली, आणि मुदत संपून गेलेला माणूस ‘कमी केलेला’ धरायचा नाही असेही लिहिले. म्हणजे पुढच्या वेळी राजीनामाही मागावा लागणार नाही.

हे सगळे मी कस्तुरबा गांधी मार्गावर उभी राहून मांडते आहे, त्याला कारण आहे. दिल्लीतल्या आम्हा अनुवादकांचा हा रस्ता. कॅनॉट प्लेसहून निघाले की मॅक्सम्यूलर भवन, मग ब्रिटिश कौन्सिल, मग अमेरिकन सेंटर. चर्चासत्रे, प्रकाशने, ‘अनुवाद म्हणजे संस्कृतींमधला संवाद’ असे म्हणत घेतलेला चहा आणि समोसे. इंडिया गेटच्या बाजूला जून २०१३मध्ये उघडलेले नवे महाराष्ट्र सदन. महाराष्ट्राचे मंत्री दिल्लीला आले की मराठी वाहिन्यांचे बातमीदार या सदनाच्या दाराशी बाइटसाठी थांबतात. आणि मधे हिंदुस्तान टाइम्सची इमारत. ऑक्टोबर २००४मध्ये या संस्थेने ३६२ कामगारांना काढले. ते वर्षानुवर्षे इमारतीबाहेर पदपथावर धरणे धरून होते. २०१२मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला, तरी पदपथ सुटला नाही. त्यांच्यामागे कायदा होता, संघटना होती, आणि तरी त्यांच्या वाट्याला हे आले. आम्ही त्यांना वळसा घालून कार्यक्रमाला जात होतो.

नवे सदन उघडल्यावर दोनच महिन्यांनी, ऑगस्ट २०१३मध्ये, नोएडात सीएनएन-आयबीएन आणि आयबीएन७ या वाहिन्यांतून तीनशेहून अधिक माणसे काढली गेली. २०१७मध्ये एनडीटीव्हीने सुमारे ७० जणांना कमी केले. बातमीदाराने आता मोबाइलवरच चित्रण करायचे, हे त्याचे एक कारण सांगितले गेले. हे आकडे बाहेर आले कारण ते एकगठ्ठा होते. एकेक राजीनामा घेत कमी केलेल्यांचा आकडा कोणाकडेच नसतो.

माणसे का काढतात याचे उत्तर ठरलेले आहे: तोटा. तो खोटा नाही. बहुतेक वृत्तवाहिन्या जाहिरातींवर जगतात, आणि केबलवर दिसण्यासाठी उलट त्यांनाच पैसे मोजावे लागतात. प्रश्न असा की तोटा भरून काढताना कात्री कुठे लागते. निवेदकाच्या चेहऱ्याला लागत नाही, स्टुडिओच्या भिंतीएवढ्या पडद्याला लागत नाही. लागते बातमीदाराला, कॅमेरामनला, आणि सगळ्यांत आधी भाषा बघणाऱ्या माणसाला. कारण बातमीदार गेला तर पडद्यावर जागा रिकामी दिसते. अनुवाद करणारी गेली तर काहीच दिसत नाही. वाहिनी मराठीत बोलतच राहते.

ती कसे बोलते हे मला चांगले ठाऊक आहे. मैत्रिणीला काढल्यावर पंधरवड्याने त्याच वाहिनीतून मला विचारणा झाली: घरून काम, शब्दाला पन्नास पैसे, करार नाही, नाव नाही. मी हो म्हटले. मुलाची फी भरायची होती हे खरे, पण तेवढेच कारण नव्हते. मी नाही म्हटले तर दुसरी कोणी करेल, मग निदान मराठी तरी नीट होईल, असे मी स्वतःला सांगितले. मैत्रिणीला तीन महिने सांगितले नाही. सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मला वाटलंच होतं. चुका कमी झाल्या होत्या.” ही शाबासकी मला आजही टोचते.

काम असे होते. हिंदी वाहिनीचा मजकूर यंत्रातून निघून मराठी होऊन यायचा. मी त्यावर ‘एकदा नजर टाकायची’. पहिल्याच रात्री मथळा आला: मंत्र्यांचा मोठा खुलासा. हिंदीत ख़ुलासा म्हणजे गौप्यस्फोट. मराठीत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण. मंत्र्याने दुसऱ्याचे बिंग फोडले की स्वतःवरच्या आरोपाला उत्तर दिले? मूळ बातमीत त्याने बिंग फोडले होते. मराठी पट्टीवर तोच आरोपी झाला होता. मी तो बदलला. तासाभराने दुसऱ्या बातमीत तोच खुलासा परत आला. अर्थसंकल्पाच्या दिवशी वित्तीय तुटीच्या आकड्याखाली ‘महसुली तूट’ असे आले. या दोन वेगळ्या तुटी आहेत, दोन्हींचे आकडे वेगळे असतात. यंत्राला हे येत नाही असे मी म्हणत नाही, उद्या येईलही. पण चूक झाली तर ती कोणाची, हे विचारायला त्या साखळीत कोणी नव्हते. मीही नव्हते. माझे नाव कुठेच नव्हते.

आकाशवाणीत या कामाला पदनाम आहे: वृत्तनिवेदक-तथा-अनुवादक. संसद मार्गावरच्या इमारतीत अनेक भाषांची बातमीपत्रे याच पदावरच्या माणसांनी चालवली. पुढे त्यांतल्या अनेक भाषांचे काम त्या त्या राज्यांत हलवले गेले. सरकारी बातमीपत्राच्या मर्यादा मला माहीत आहेत. पण भारतात बातमी वाचणे म्हणजे अनुवाद करणे, हे सरकारी कारकुनाला कळले होते. खासगी वाहिन्यांनी ते कधी लिहिले नाही. आणि न लिहिलेले पद रद्द करायला बैठकही लागत नाही.

आता उलट बाजू. मला पहिल्यांदा ऐकवले जाते ते खिळे जुळवणाऱ्यांचे उदाहरण. छापखान्यातून तेही गेलेच ना? गेले. पण खिळे जुळवणारा गेला तेव्हा मजकूर वाचणारा मुद्रितशोधक काही काळ तरी जागेवर होता. इथे जाते आहे ती वाचणारी व्यक्तीच. २६ मे २०२४ रोजी दूरदर्शनच्या किसान वाहिनीवर क्रिश आणि भूमी हे दोन कृत्रिम निवेदक आले. ते ५० भाषांत बोलू शकतात आणि न थकता चोवीस तास बातम्या देऊ शकतात, असे सरकारनेच कौतुकाने सांगितले. ५० भाषांतल्या मजकुराची जबाबदारी किती माणसांवर आहे, हा आकडा कोणी मागितला नाही.

दुसरे ऐकवले जाते ते असे: माणसे होती तेव्हा तरी कुठे मोठी पत्रकारिता होत होती? यात तथ्य आहे. याच महाराष्ट्र सदनात १७ जुलै २०१४ रोजी जेवणावरून चिडलेल्या शिवसेना खासदारांपैकी एकाने रोजा असलेल्या कर्मचाऱ्याच्या तोंडात चपाती कोंबली. दृश्ये कॅमेऱ्यात होती. देशाला कळायला जवळजवळ आठवडा गेला. म्हणजे माणूस हजर असला की बातमी होतेच असे नाही. पण म्हणून माणूसच नको, हा निष्कर्ष कुठून निघतो? त्या आठवड्याचा जाब निदान कोणाला तरी विचारता येतो.

आणि कधी कधी सगळे एका परिच्छेदावर येऊन ठेपते. ११ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षावर निकाल दिला. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणे योग्य नव्हते. पण उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिल्यामुळे आधीची स्थिती परत आणता येत नाही. आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनी घ्यावा. दोन्ही बाजूंनी त्या दिवशी पेढे वाटण्यासारखा चेहरा केला. इंग्रजीतला तो निकाल वाचून, ‘पण’ कुठे येतो ते पाहून, लातूरच्या प्रेक्षकाला दहा मिनिटांत सरळ मराठीत सांगणारा माणूस डेस्कवर नसेल, तर जो पक्ष मोठ्याने बोलेल त्याचाच निकाल लागतो. कळीचा शब्द तिथेही राजीनामाच होता.

शेवटी आपल्याबद्दल, म्हणजे हे नियतकालिक वाचणाऱ्यांबद्दल. आपण अनुवादाचे पुरस्कार देतो, मुखपृष्ठावर अनुवादकाचे नाव हवे म्हणून भांडतो. योग्यच आहे. पण महाराष्ट्रात रोज सर्वाधिक लोकांपर्यंत पोहोचणारा अनुवाद वृत्तवाहिन्यांवर होतो, आणि आपण त्याला अनुवाद मानतच नाही. त्यातल्या चुकांचे फोटो काढून एकमेकांना पाठवतो आणि हसतो. आपल्यातले काहीजण रात्री चर्चेच्या चौकटीत फुकट जाऊन बसतात. ती चौकट बातमीदारापेक्षा स्वस्त पडते म्हणून तिथे आहे, हे त्यांना ठाऊक असते. मी पन्नास पैशांना बसले होते, म्हणून मला हे बोलायचा जास्त अधिकार आहे असे नाही. फक्त माहिती जास्त आहे.

माझ्या मागण्या लहान आहेत. वाहिन्यांनी दर वर्षी जाहीर करावे की वृत्तविभागात कायम किती, करारावर किती आणि शब्दांच्या दराने किती माणसे काम करतात. बातमीपत्राच्या शेवटी कपडे पुरवणाऱ्या दुकानाचे नाव येते, तिथे अनुवाद करणाऱ्याचेही यावे. अनुवादकांच्या संघटनांनी डेस्कवरच्या माणसांना सभासद करून घ्यावे. आणि चर्चेचे बोलावणे आले की जाणाऱ्याने आधी विचारावे, तुमच्या डेस्कवर आज मराठी कोण बघते? उत्तर मिळाले नाही तर जाऊ नये.

मैत्रीण आता एका कंपनीसाठी औषधांची माहितीपत्रके मराठीत करते. तिथे प्रत्येक पानाखाली तिची सही लागते, कारण मात्रा चुकली तर कोणाला धरायचे हे कंपनीला ठाऊक असावे लागते. गोळ्यांच्या पाकिटाला जे लागते ते बातमीला का लागू नये, असे तिने मला विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते. वाहिन्यांकडे असेल तर त्यांनी द्यावे. मराठीतला खुलासा आम्हाला चालेल.