वार किती टक्के?

आमच्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गात सहावीतील एका मुलीला आम्ही विचारले, "एक द्वितीयांश मोठा की एक तृतीयांश?" ती चटकन म्हणाली, "एक तृतीयांश. दोनापेक्षा तीन मोठे ना!" मुले हसली. आम्हाला मात्र हसू आले नाही. भाकरी दोघांत वाटली तर वाट्याला जास्त येते आणि तिघांत वाटली तर कमी, हे त्या मुलीला घरी रोज दिसते. पण ताटातली भाकरी आणि पुस्तकातला अपूर्णांक एकच आहेत, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

ज्यांना शाळा मिळाली त्या जुन्या माणसांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी तोंडपाठ असे. आता ते पाढे मागे पडले. म्हणून आम्ही वर्गात एक खेळ सुरू केला. त्याला खर्च काही नाही. कागदाचा कपटा आणि पेन्सिल पुरे.

नियम सोपा आहे. शब्दातली अक्षरे मोजायची. काना, मात्रा, वेलांटीसह अक्षर एकच धरायचे. जोडाक्षरही एकच. म्हणजे 'पुस्तक' या शब्दात पु, स्त, क अशी तीन अक्षरे झाली. आता 'नदी'चा पहिला एक द्वितीयांश घ्या. मिळाला 'न'. 'घागर'चे शेवटचे दोन तृतीयांश घ्या. मिळाले 'गर'. जोडा, झाले 'नगर'!

मुलांनो, आता तुम्ही सोडवा:

१) 'पाटी'चे पहिले ५० टक्के आणि 'ऊस' पूर्ण १०० टक्के.
२) 'पणती'चा पहिला एक तृतीयांश आणि 'अंगार'चे शेवटचे दोन तृतीयांश.
३) 'सवय'चे पहिले दोन तृतीयांश आणि 'दौलत'चे शेवटचे दोन तृतीयांश.
४) 'तलवार'चे पहिले २५ टक्के, 'राजा'चे पहिले ५० टक्के आणि 'बाजू'चे शेवटचे ५० टक्के.
५) 'परिणाम'चे पहिले ५० टक्के आणि 'मंगळवार'चे शेवटचे ४० टक्के.

पाचव्या कोड्यावर आमच्या वर्गात चांगलेच भांडण जुंपले. 'मंगळवार'मध्ये पाच अक्षरे, म्हणून एकेक अक्षर २० टक्के आणि 'वार' झाला ४० टक्के. पण 'रविवार'मध्ये चारच अक्षरे, तिथे 'वार' ५० टक्के! एक मुलगा उठून म्हणाला, "वार तर तोच आहे, मग टक्के वेगळे कसे?" शाबास! हाच प्रश्न आम्हाला हवा होता. टक्का एकटा कधीच येत नाही. तो कशाचा, हे आधी विचारावे लागते.

हे न विचारल्याची किंमत आम्ही स्वतः मोजली आहे. थोरल्याच्या प्रवेशाच्या वेळी दहा हजार रुपये हवे होते. पतसंस्थेचे व्याज १२ टक्के. ओळखीचा एक जण म्हणाला, "मी फक्त ३ टक्क्यांनी देतो." आम्हाला बारापेक्षा तीन लहान वाटले. त्या मुलीसारखेच! पतसंस्थेचे १२ टक्के वर्षाचे होते, याचे ३ टक्के महिन्याचे. महिन्याला ३०० प्रमाणे वर्षात ३,६०० रुपये व्याज गेले, म्हणजे ३६ टक्के. आणि मुद्दल दहा हजार जसेच्या तसे उभे! पतसंस्थेत वर्षाचे व्याज १,२०० रुपयांवर गेले नसते. "महिन्याचे की वर्षाचे?" एवढे तीन शब्द आम्ही विचारले असते, तर निदान २,४०० रुपये घरात राहिले असते.

म्हणून माता-भगिनींनो, बंधूंनो, स्वयंपाक करता करता किंवा कामावरून आल्यावर दहा मिनिटे हा खेळ मुलांशी खेळा. कोडे रचणेही अवघड नाही. आधी उत्तराचा शब्द ठरवा, त्याचे दोन तुकडे करा आणि प्रत्येक तुकडा ज्यात सापडेल असा दुसरा शब्द शोधा. टक्क्यांसाठी दोन, चार किंवा पाच अक्षरी शब्द घ्या. तीन अक्षरी शब्दाला टक्के लावायला सांगाल तर मूल अडेल, कारण शंभराचे तीन सारखे पूर्ण भाग होत नाहीत. तेही त्याला एकदा अडून कळू द्या. आणि तुम्ही स्वतः शाळेत गेला नसाल तरी संकोच करू नका. मुलाने उत्तर दिले की एवढेच विचारा, "कशाचे टक्के?"

परवा त्याच मुलीने आम्हाला एक कोडे घातले: "'आगगाडी'च्या कोणत्या ५० टक्क्यांत बसाल?" आम्ही म्हणालो, "शेवटच्या!" पहिल्या ५० टक्क्यांत कोण बसेल?

उत्तरे: १) पाऊस २) पगार ३) सवलत ४) तराजू ५) परिवार