चोरकप्पा आहे, धोक्याची पाटी कुठे?

जुन्या वाड्यांच्या भिंतीत चोरकप्पा असे. संगणकातही तो करता येतो. 'ट्रूक्रिप्ट' या मोफत सॉफ्टवेअरने ही युक्ती रूढ केली. मे २०१४ मध्ये त्याच्या कर्त्यांनी काम थांबवले; आज 'व्हेराक्रिप्ट' तेच काम करते. एकाच कुलूपबंद फाइलला दोन पासवर्ड. एकाने दाखवायची कागदपत्रे उघडतात, दुसऱ्याने खरी.

मेख अशी की आतला कप्पा बाहेरच्या कप्प्याच्या 'रिकाम्या' जागेत राहतो आणि बाहेरच्याला त्याचा पत्ताच नसतो. समजा, अष्टमीतल्या एखाद्या करसल्लागाराने अशिलांची कागदपत्रे आत ठेवली आणि पुढे फक्त पहिला पासवर्ड टाकून लग्नाचे फोटो भरले. ते फोटो थेट कागदपत्रांवर लिहिले जाऊ शकतात, तेही कसलाही इशारा न देता. मग कुंडलिका ओलांडून रोह्यातल्या दुरुस्तीवाल्याकडे जा नाहीतर मुंबईला. त्या जागेवर एकदा दुसरे काही लिहिले गेले की जुने परत येत नाही. दोन्ही पासवर्ड देऊन हे टाळण्याची सोय आहे, पण ती दरवेळी आठवणीने निवडावी लागते.

बरे, लपवलेले लपून तरी राहते का? २००८ मध्ये ब्रूस श्नायर आणि वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी ट्रूक्रिप्ट तपासले. चुगली केली ती विंडोज व्हिस्टा, वर्ड आणि गुगल डेस्कटॉप यांनी. अलीकडे उघडलेल्या फाइलींची नावे, आपोआप साठवलेल्या प्रती कप्प्याबाहेर सापडल्या. पेनड्राइव्ह आणि एसएसडीही जुन्या नोंदी मागे ठेवू शकतात.

त्याहून वाईट गोष्ट कायद्याची. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ नुसार कुलूप उघडण्याचा रीतसर आदेश नाकारला तर ७ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ज्याच्याकडे चोरकप्पा नाहीच, त्याने तो नसल्याचे सिद्ध कसे करायचे? सॉफ्टवेअरकडे याचे उत्तर नाही.

व्हेराक्रिप्टच्या माहितीपुस्तिकेत तांत्रिक धोके प्रामाणिकपणे लिहिलेले आहेत, हे मान्य. पण ते इंग्रजीत, पानेच्या पाने आणि वापरणारा पोचणार नाही अशा कोपऱ्यात. औषधाची सूचना गोळीच्या पाकिटावर हवी, कारखान्याच्या कपाटात नव्हे. कप्पा तयार करतानाच, पडद्यावर, चार सोप्या ओळींत आणि मराठीतही ती दिसायला हवी. तोवर बहुतेकांना साधे एकपदरी कुलूप पुरे, आणि त्या फाइलची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर.