विश्लेषण : खालच्या श्रेणीत ढकललेला ऐझॉल वर्षभरात विजेता कसा झाला? आणि त्यानंतर दार का बंद झाले?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने भारताला २-१ असे हरवले आणि २०२७ च्या आशिया चषकाचे भारताचे दार बंद झाले. भारताचा एकमेव गोल मिझोरामच्या लालियानझुआला छांगटेचा. प्रशिक्षकाच्या जागेवर होते खालिद जमील, अडीच महिन्यांपूर्वीच नेमलेले. पराभवानंतर बोट त्यांच्याकडे वळणे स्वाभाविक होते. पण भारतीय फुटबॉलमध्ये काय शक्य आहे आणि ते पुन्हा का होत नाही, हे समजून घ्यायचे तर जमील यांच्याच नावावर असलेल्या एका जुन्या हंगामाकडे जावे लागते. तो हंगाम म्हणजे २०१६-१७ ची आय-लीग, आणि तो संघ म्हणजे ऐझॉल एफसी.

नेमके काय घडले होते?

३० एप्रिल २०१७. आय-लीगचा शेवटचा दिवस. ऐझॉलचे ३६ गुण, मोहन बागानचे ३३. ऐझॉलला शिलाँगमध्ये शिलाँग लाजाँगविरुद्ध एक गुण पुरेसा होता. बागान त्याच वेळी कोलकात्यात चेन्नई सिटीशी खेळत होता. नवव्याच मिनिटाला लाजाँगच्या असेर पिएरिक दिपांडाने गोल केला. हा दिपांडा त्या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक गोल करणारा खेळाडू, त्यामुळे धक्का बसला तरी आश्चर्य नव्हते. पुढचा जवळपास तासभर ऐझॉल पिछाडीवर होता. एका हंगामाची मेहनत डोळ्यांसमोर निसटताना पाहणे म्हणजे काय, हे त्या तासाभरात डोंगर उतरून-चढून शिलाँगला आलेल्या समर्थकांनी अनुभवले. ६७ व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली. १-१. तिकडे बागानने सामना २-१ असा जिंकला, पण उपयोग झाला नाही. ऐझॉल ३७, बागान ३६.

१८ सामन्यांत ११ विजय, ४ बरोबरी, ३ पराभव. ईशान्य भारतातील क्लबने देशाची अव्वल लीग जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

खरे तर लीगचा निकाल आठवडाभर आधीच फिरला होता. २२ एप्रिलला ऐझॉलच्या राजीव गांधी स्टेडियमवर बागान आला, तेव्हा गोलशून्य बरोबरीकडे चाललेल्या सामन्यात ८३ व्या मिनिटाला बचावपटू झोहमिंगलियाना राल्टेने हेडरवर गोल केला. १-०. शेवटच्या दिवशी ‘एक गुण पुरेसा’ अशी चैनीची स्थिती आली ती या गोलामुळे.

पण ऐझॉल त्या लीगमध्ये होताच कसा?

गंमत इथेच आहे. नियमाप्रमाणे ऐझॉल त्या हंगामात असायलाच नको होता.

२०१५ मध्ये दुसऱ्या श्रेणीतून वर आलेला हा क्लब २०१५-१६ मध्ये नऊ संघांत आठवा आला. नववा, म्हणजे शेवटचा, होता पुण्याचा डीएसके शिवाजियन्स. तरीही घसरण झाली ती ऐझॉलची. कारण शिवाजियन्स ‘थेट प्रवेश’ घेतलेला कॉर्पोरेट संघ होता आणि अशा संघांना सुरुवातीच्या काळात घसरणीपासून अभय होते. मैदानावर खेळून वर आलेला संघ खाली गेला आणि पैसे भरून आलेला, त्याच्याहून खाली राहिलेला संघ टिकला. महाराष्ट्रातील वाचकांना हा तपशील फारसा सुखावणारा नाही, पण तो विसरता येत नाही.

त्याच मे महिन्यात ऐझॉलने फेडरेशन चषकाची अंतिम फेरी गाठली आणि तिथे बागानकडून ५-० असा मार खाल्ला. त्याच सुमारास अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने लीगच्या नव्या रचनेचा प्रस्ताव मांडला. त्यात आय-लीगचे स्थान दुय्यम होणार, हे दिसताच साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे गोव्याचे क्लब निषेध म्हणून बाहेर पडले. जागा रिकाम्या झाल्या आणि ऐझॉलला परत बोलावले गेले. गोव्याच्या क्लबांनी ज्या भीतीने मैदान सोडले, ती भीती पुढच्याच वर्षी ऐझॉलच्या बाबतीत खरी ठरायची होती.

जमील तेव्हा कुठे होते?

बेरोजगार. कुवेतमध्ये १९७७ मध्ये जन्मलेले, मुंबईत एअर इंडिया आणि महिंद्रा युनायटेडकडून मध्यरक्षक म्हणून खेळलेले, भारताकडूनही खेळलेले जमील २००९ मध्ये मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले. वय अवघे ३२. त्यानंतर सात वर्षे त्यांनी तुटपुंज्या साधनांवर हा संघ अव्वल श्रेणीत टिकवला. मुंबई एफसी कधी जिंकणारा संघ नव्हता, पण तो बुडतही नव्हता. कूपरेजवर येऊन मोठे संघ वैतागून परत जात. २०१६ मध्ये क्लबने त्यांना काढले.

पुढच्याच हंगामात काय झाले? जमील यांचा नवा क्लब तक्त्यात पहिला, आणि त्यांना काढणारा मुंबई एफसी दहा संघांत दहावा. कोणी कादंबरीत असे लिहिले तर संपादक म्हणेल, जरा जास्तच होते आहे.

त्यांनी ऐझॉलमध्ये वेगळे काय केले?

जमील फार बोलत नाहीत. त्यांच्या फुटबॉलबद्दलही लांबलचक सिद्धांत सांगता येत नाही. बचाव आवळून ठेवायचा, दोन रांगांमधले अंतर कमी ठेवायचे, चेंडू मिळाला की वेगाने पुढे जायचे, कॉर्नर आणि फ्री-किकचा पुरेपूर फायदा घ्यायचा. ऐझॉलचे अनेक विजय एकाच गोलाच्या फरकाचे होते, ते उगीच नाही. ‘कंटाळवाणा’ अशी टीका त्यांच्यावर तेव्हाही झाली, आजही होते. पण कमी पैशांच्या संघाला ९० मिनिटे चेंडू स्वतःकडे ठेवणारे खेळाडू परवडत नाहीत. त्याला चेंडू नसतानाही शिस्तीत उभे राहणारे खेळाडू हवे असतात. मुंबईतील सात वर्षांत जमील हेच शिकले होते.

दुसरी गोष्ट निवडीची. त्यांनी मुंबईत हाताळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता या संघात होते. गोलपोस्टमध्ये गोव्याचा अल्बिनो गोम्स. मध्यात सीरियाचा महमूद अल-अमना, खेळाची सूत्रे त्याच्याकडे. त्याच्या मागे लायबेरियाचा आल्फ्रेड जार्यान, जो प्रतिस्पर्ध्याचे हल्ले मोडून काढे. पुढे आयव्हरी कोस्टचा कामो बायी. यांपैकी एकालाही बड्या क्लबांनी रांग लावून मागितले नव्हते. उरलेला संघ मिझो मुलांचा होता. लालरुआतथारा, लालरामचुलोव्हा, ब्रँडन वानलालरेमडिका, लालदानमाविया राल्टे. त्या वेळच्या बातम्यांनुसार संघाचा हंगामाचा खर्च दोन कोटींच्या आसपास होता. एवढ्या रकमेत बडे क्लब दोन-तीन खेळाडू घेत.

म्हणजे सगळे श्रेय प्रशिक्षकाचे?

नाही, आणि इथेच ‘चमत्कार’ हा शब्द दिशाभूल करतो. जमील पोहोचले तेव्हा मिझोराममध्ये जमीन नांगरलेली होती.

२०११ च्या जनगणनेनुसार या राज्याची लोकसंख्या ११ लाखांच्याही खाली. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. पण २०१२ पासून तिथे मिझोराम प्रीमियर लीग सुरू झाली आणि ‘झोनेट’ या स्थानिक केबल वाहिनीने तिचे सामने घराघरांत पोहोचवले. गावच्या मुलाला टीव्हीवर दिसणारा नायक युरोपातला नव्हे, शेजारच्या वस्तीतला मिळाला. क्लबांना थोडा पैसा मिळू लागला, स्पर्धा नियमित झाली. २०१४ मध्ये मिझोरामने संतोष करंडक जिंकला. त्याआधी शायलो मालसॉमट्लुआंगासारख्या खेळाडूला नाव कमावण्यासाठी कोलकात्याला जावे लागले होते. २०१७ मध्येही मिझोरामचा सर्वांत मोठा तारा जेजे लालपेखलुआ बागानकडूनच खेळत होता. फरक एवढाच की आता घरी उरलेल्यांचा संघही बागानला हरवू शकत होता.

याच काळात महाराष्ट्रात काय होते, ते पाहण्यासारखे आहे. २०१४-१५ च्या आय-लीगमध्ये राज्याचे तीन संघ होते : मुंबई एफसी, पुणे एफसी, भारत एफसी. पुढच्या हंगामात शिवाजियन्स आला. या चौघांपैकी २०१७ नंतर अव्वल स्तरावर कोणीही उरले नाही. पैसा प्रत्येकाच्या मागे होता. पैसेवाल्याचा उत्साह संपला की क्लबही संपला. ऐझॉल १९८४ पासून आहे.

लेस्टरशी तुलना कितपत योग्य?

ऐझॉलला ‘भारताचे लेस्टर’ म्हटले गेले. वर्षभर आधी, २०१५-१६ मध्ये, क्लॉडिओ रानिएरी यांच्या लेस्टर सिटीने इंग्लिश प्रीमियर लीग जिंकली होती. हंगामापूर्वी सट्टेबाजांचा भाव होता पाच हजारास एक. तुलना मोहक आहे आणि काही अंशी खरीही. दोन्ही संघ आदल्या वर्षी तळाशी, दोन्ही बचाव आणि प्रतिहल्ल्यावर जगणारे, दोन्हींचे प्रशिक्षक दुसरीकडून नाकारलेले.

पण विजेतेपदाने काय मिळाले, हे विचारताच तुलना संपते. लेस्टर पुढच्या वर्षी चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत खेळला. वाईट कामगिरीमुळे रानिएरींना फेब्रुवारी २०१७ मध्ये काढले गेले, हे खरे. पण क्लबची जागा कोणी काढून घेतली नाही. लेस्टर नंतर खाली गेला तोही मैदानावर हरून.

मग ऐझॉलला काय मिळाले?

चषक. आणि जानेवारी २०१८ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत इराणच्या झोब आहानविरुद्ध एक सामना, ज्यात १-३ असा पराभव झाला.

देशांतर्गत चित्र वेगळेच होते. महासंघाने २०१० मध्ये आपले व्यावसायिक हक्क १५ वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांना आयएमजी-रिलायन्सला दिले होते. त्यातून २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल, आली. फ्रँचायझींची बंद लीग. २०१७ मध्ये तिचा विस्तार ठरला तेव्हा नव्या संघांसाठी निविदा निघाल्या आणि वर्षाला १५ कोटींच्या घरातील शुल्काची चर्चा होती. जूनमध्ये दोन नावे जाहीर झाली : बेंगळूरु एफसी आणि टाटा स्टीलचा जमशेदपूर. एकाकडे आधीची विजेतेपदे होती, दुसरा अजून जन्मलाही नव्हता. दीड महिन्यापूर्वी देशाची लीग जिंकलेला ऐझॉल यादीत नव्हता. क्लबने निषेध केला, उपोषणाचा इशारा दिला. उपयोग झाला नाही. महासंघाच्या अध्यक्षपदी तेव्हा महाराष्ट्राचेच प्रफुल पटेल होते.

महासंघाची बाजूही आहे. पैशाशिवाय लीग चालत नाही, प्रक्षेपण होत नाही, मैदाने सुधारत नाहीत. आणि आय-लीगला प्रेक्षक मिळत नव्हते, हे खोटे नाही. पण गुंतवणूकदाराला काही वर्षांची हमी देणे वेगळे आणि विजेत्याला वरचे दार न ठेवणे वेगळे. आय-लीग विजेत्याला आयएसएलमध्ये बढती मिळण्याची तरतूद प्रत्यक्षात आली ती २०२२-२३ मध्ये, पंजाबच्या संघाच्या रूपाने. ऐझॉलसाठी सहा वर्षे उशिरा. आणि आयएसएलमधून खाली जाण्याची सोय २०२४-२५ च्या हंगामातही नव्हती. तळाच्या संघाला शिक्षा नाही; ऐझॉलला २०१६ मध्ये मिळाली ती आठवी जागा मिळवल्याची होती.

विजेता संघ मात्र काही महिन्यांत विरघळला. राणे आणि मेहता एटीकेकडे, गोम्स दिल्लीकडे, लालरुआतथारा केरळकडे, जिथे तो त्या हंगामातला उदयोन्मुख खेळाडू ठरला. अल-अमना, ब्रँडन, लालरामचुलोव्हा ईस्ट बंगालकडे. स्वतः जमीलही तिकडेच. खेळाडू वर गेले, क्लब खालीच राहिला.

जमील यांचे पुढे काय झाले?

ईस्ट बंगाल आणि नंतर मोहन बागान, दोन्हीकडे फार काळ टिकता आले नाही. मोठ्या क्लबची घाई त्यांना मानवली नाही, असे म्हणायला जागा आहे. मग जानेवारी २०२१ मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडने परदेशी प्रशिक्षकाला काढले आणि सहायक असलेल्या जमील यांच्याकडे तात्पुरती सूत्रे दिली. त्यांनी संघ उपांत्य फेरीत नेला. त्याच वर्षी ते आयएसएलमधील पहिले पूर्णवेळ भारतीय मुख्य प्रशिक्षक झाले. लीग सुरू झाल्यावर सात वर्षांनी. पुढे जमशेदपूर. होय, तोच क्लब, ज्याला २०१७ मध्ये जागा मिळाली होती. २०२४-२५ मध्ये लीगची उपांत्य आणि सुपर चषकाची अंतिम फेरी. १ ऑगस्ट २०२५ रोजी ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. गोव्याचे सावियो मेदेरा यांच्यानंतर, म्हणजे १३ वर्षांनी, हे पद भारतीयाकडे आले.

सुरुवात आश्वासक होती. ताजिकिस्तानवर २-१ असा विजय, ओमानला पेनल्टीवर हरवून काफा नेशन्स चषकात तिसरे स्थान. मग सिंगापूरशी दोन सामने, एक गुण. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशकडूनही ०-१ अशी हार. या पराभवांचा हिशेब जमील यांच्याकडे मागायलाच हवा. फातोर्डावर आघाडी घेऊन सामना गमावला, त्यात प्रशिक्षकाच्या निर्णयांचाही वाटा असतो. पण त्यांच्या हाती आलेले खेळाडू ज्या लीगमधून येतात, तिच्यात तळाच्या संघाला वर्षानुवर्षे गमावण्यासारखे काहीच नव्हते, हेही त्याच हिशेबात लिहावे लागेल.

छांगटे मिझोरामच्या लुंगलेईचा. तो मुंबई सिटीकडून खेळतो. ऐझॉल एफसी त्या राज्याचा एकमेव राष्ट्रीय विजेता क्लब, २०२४-२५ मध्येही आय-लीगमध्येच होता, तळाकडच्या भागात, पुन्हा घसरणीच्या भीतीत.