खड्ड्याचे माप कोणी घ्यायचे?

शाळेत शाब्दिक उदाहरण वाचून होताच वर्गातून एक प्रश्न हमखास येतो : "सर, बेरीज करायची की वजाबाकी?" हा प्रश्न मुलाच्या मंदबुद्धीचा निदर्शक नाही. शाळेने त्याला जे शिकवले त्याचा तो अचूक गोषवारा आहे. 'एकूण' दिसले की मिळवा, 'उरले' दिसले की वजा करा, 'प्रत्येकी' आले की भागा, या खुणा त्याला पढवलेल्या असतात. गाइडमधील उदाहरणे या खुणांनी सुटतात, मूल वरच्या वर्गात जाते आणि विचार करण्याचा प्रसंग तेवढा टळतो. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे 1980 च्या सुमारास संशोधकांनी प्राथमिक शाळेतील मुलांना विचारले होते : जहाजावर 26 मेंढ्या आणि 10 बकऱ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? 97 पैकी 76 मुलांनी त्या आकड्यांचीच काहीतरी जुळवाजुळव करून वय सांगितले. तेव्हा हा रोग एकट्या मराठी शाळेचा नव्हे. तथापि त्याची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागत नाही, आणि मराठवाड्यात ती कोणी मोजली हे पाहण्यासारखे आहे.

1972 च्या दुष्काळात मराठवाड्याच्या तेव्हाच्या पाचही जिल्ह्यांतील शेतमजूर आणि अल्पभूधारक, त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने, खडी फोडण्याच्या व मातीच्या कामांवर गेले. त्यातूनच पुढे रोजगार हमीची योजना दृढ झाली. 1977 साली कायदा संमत झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. कामाचा हक्क कायद्याने मान्य करणारे हे पाऊल ऐतिहासिक होते, याविषयी दुमत नाही. परंतु या कामांवरील मजुरी खणलेल्या मातीच्या मापावर अवलंबून होती. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि एक फूट खोल खड्डा म्हणजे शंभर घनफूट, बोलीभाषेत एक ब्रास. खोली एक फुटाऐवजी नऊ इंच नोंदली गेली, तर कागदावर पंचाहत्तर घनफूट उरतात आणि घाम गाळणाऱ्याची चौथाई मजुरी कोणाच्याही डोळ्यांदेखत नाहीशी होते. चोरी पकडण्यासाठी लागणारे गणित पाचवी-सहावीच्या पलीकडचे नाही. पण टेप कोठे धरला, खोली खड्ड्याच्या कोणत्या जागी घेतली, हे विचारण्याची सवय ज्याला शाळेने लावली नाही, त्याला घनफळाचे सूत्र तोंडपाठ असूनही उपयोग नव्हता.

हा प्रश्न भूतकाळात जमा झालेला नाही. ग्रामीण भागातील 14 ते 18 वयाच्या मुलांविषयीची 'असर'ची पाहणी 2023 साली देशातील 28 जिल्ह्यांत झाली. पट्टीच्या शून्यावर वस्तूचे टोक ठेवले, तेव्हा सुमारे 85 टक्के मुलांनी लांबी बिनचूक सांगितली. तीच वस्तू शून्याऐवजी दुसऱ्या आकड्यापासून ठेवली, तेव्हा हे प्रमाण 39 टक्क्यांवर घसरले. पट्टी तीच, वस्तू तीच, लागते ती एक साधी वजाबाकी. मुलांना वजाबाकी येत नव्हती असे मानले, तरी एवढ्याने ही घसरण उलगडत नाही. तेथे वजाबाकीची गरज आहे हे मुळात त्यांना ओळखता आले नाही. मोजमाप शून्यावरून सुरू होत नाही अशा जागा शाळेबाहेर पुष्कळ असतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये समस्या सोडवण्याच्या क्षमतेचा उल्लेख वारंवार येतो. त्याचे स्वागत करण्यास हरकत नाही. पण या क्षमतेला 'एकविसाव्या शतकातील कौशल्य' असे नाव देऊन उद्योगांच्या मागणीशी जोडले जाते, तेव्हा सावध व्हावे लागते. वाळूजच्या किंवा शेंद्र्याच्या कारखान्याला यंत्र का अडले हे शोधणारा तरुण हवा असतो. तोच तरुण एकाच यंत्रावर कायम कामगाराला आणि कंत्राटी कामगाराला वेगळे वेतन का, याचे गणित मांडू लागला, तर ते कौशल्य कोणत्याही मालकाच्या यादीत सापडत नाही. आपल्या विभागाचा अभिमान ठरलेला 'लातूर पॅटर्न'ही या दृष्टीने तपासावा. खेड्यापाड्यांतील मुलामुलींना वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांची दारे त्याने उघडून दिली, हे श्रेय नाकारणे कोतेपणाचे होईल. परंतु प्रश्नाचा प्रकार ओळखून ठराविक मिनिटांत चारांपैकी एक पर्याय निवडणे हे फार तर तयार कुलपांना तयार किल्ल्या लावण्याचे कसब आहे. जीवनातील प्रश्न प्रकार सांगून येत नाहीत.

छत्रपती संभाजीनगर शहराचेच उदाहरण घ्यावे. नहर-ए-अंबरीसारखी पाणीव्यवस्था सतराव्या शतकात ज्या नगराला लाभली आणि जायकवाडी ज्याच्यापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर आहे, त्या नगरातील नागरिकांनी वर्षानुवर्षे नळाच्या पाण्यासाठी कित्येक दिवसांची वाट पाहिली आहे. येथील सातवीच्या वर्गाला असे उदाहरण देता येईल : पाणी दर पाच दिवसांनी येते आणि घरात पाच माणसे आहेत. वस्तीतल्या घरात दोनशे लिटरचे दोन ड्रम आहेत, म्हणजे माणशी रोज 16 लिटर. बंगल्याखाली पाच हजार लिटरची टाकी आहे, म्हणजे माणशी रोज 200 लिटर. शहरी पाणीपुरवठ्यासाठी शासनमान्य मानक माणशी रोज 135 लिटर आहे, त्या हिशेबाने घरात 3375 लिटर साठवण हवी. भागाकार येथे संपतो आणि खरे उदाहरण सुरू होते. पाणी दोन्ही घरांना एकाच दिवशी आले, मग उत्तरात बारापटींहून अधिक फरक का? दहा बाय दहाच्या खोलीत 3375 लिटर ठेवायचे कोठे? पाण्याची टंचाई आणि साठवणीच्या जागेची टंचाई यांत फरक कोणता? अशा उदाहरणाचे उत्तर शिक्षकापाशीही तयार नसते, आणि वर्गात तसे कबूल करणारा शिक्षक मुलांना फार मोठी गोष्ट शिकवून जातो.

यावर काही कार्यकर्ते म्हणतील की, मुलांना पाढे येत नाहीत, वाचता येत नाही. तेथे या चैनी कशाला? आक्षेप प्रामाणिक आहे. पाढ्यांवाचून वरचा भागाकार होणार नाही आणि वाचनावाचून उदाहरण कळणार नाही, हे निर्विवाद. पण आधी सगळे पाढे, नंतर कधीतरी विचार, असा क्रम लावला की गरिबाच्या मुलाच्या वाट्याला ते 'नंतर' येतच नाही. सातवी-आठवीत ते शाळेबाहेर पडते. महात्मा जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढील निवेदनात प्राथमिक शाळांतून हिशेब व शेतीचे प्राथमिक ज्ञान द्यावे आणि शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले, नांगराची मूठ वा सुताराची वाकस धरण्यास न लाजणारे असावेत, असे मांडले होते. अक्षरओळख आणि व्यवहारातील बुद्धी यांची फारकत त्यांना मान्य नव्हती.

असे शिक्षण सरकारी शाळांतून देता येते, याचा पुरावाही या देशात आहे. मध्य प्रदेशातील तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात 1972 साली 16 शाळांतून विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. मुले स्वतः प्रयोग करीत आणि परीक्षेत पुस्तक उघडून बसण्याची त्यांना मुभा होती, कारण प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नसेच. तीस वर्षे हा कार्यक्रम चालला आणि 2002 साली राज्य सरकारने तो बंद केला. शिक्षक बदलतात, मुले बदलतात, परंतु परीक्षा आणि प्रशासन यांना हात लावल्यावाचून कोणताही प्रयोग टिकत नाही, हे त्यावरून दिसले. दोन शिक्षकांनी चार-पाच वर्ग सांभाळायचे, शिवाय निवडणुकीची कामे आणि माहिती भरण्याचे तगादे पुरवायचे, अशा शाळेत शासनाने 'समस्या सोडवण्याचे कौशल्य' वाढवण्याचे परिपत्रक धाडणे हा क्रूर विनोद आहे. रिक्त पदे भरणे ही या विषयातील पहिली मागणी आहे. अपुरी किंवा अनावश्यक माहिती असलेली उदाहरणे परीक्षेत यावीत आणि 'माहिती अपुरी आहे' या उत्तराला पूर्ण गुण मिळावेत, ही दुसरी.

पण सगळेच शासनावर सोडून भागणार नाही. बीड-जालन्याकडून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याची उचल, टनाचा दर, मुकादमाचे कमिशन, खाड्यांची कपात आणि हंगामाअखेर अंगावर राहिलेली बाकी, हे सबंध उदाहरण त्याच घरातील आठवीची मुलगी मांडू शकते. तिच्या वर्गात ते फळ्यावर आले, तर गावातील मुकादमाला ते रुचणार नाही, शाळेच्या व्यवस्थापन समितीत त्याचा माणूस असण्याचीही शक्यता आहे, आणि तक्रार झाली तर बदली शिक्षकाची होईल. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी आपल्या शाळेत असे शिक्षक कोण आहेत हे आधी शोधावे आणि हंगाम सुरू होण्यापूर्वी त्यांना भेटावे. हिशेबाच्या चिठ्ठ्या मिळवून देणे, त्यांतील खाचाखोचा समजावून सांगणे, आणि तक्रार आलीच तर पालकांना घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्याच्या कचेरीत उभे राहणे, एवढे काम तालुका शाखेच्या आवाक्यातले आहे.