मोफत भेटीचे मोल

दसऱ्याचे दिवस आले की म्हैसूरच्या सयाजीराव रस्त्यावर सवलतींचे फलक झळकू लागतात. अशा हंगामात ‘एकावर एक मोफत’ ही घोषणा ग्राहकाला दुकानात ओढते. पैसे चुकते केल्यावर मात्र ‘साठा संपला’ किंवा ‘आणखी हजाराची खरेदी करा’ हे उत्तर कित्येकांच्या पदरी पडते.

वास्तविक नफ्यासाठी चालणारा व्यापार फुकट काहीच देत नाही. भेटीचा खर्च मूळ किमतीत आधीच मिसळलेला असतो. सच्चर समितीच्या १९७८ च्या अहवालानंतर, १९८४ साली, मक्तेदारीविरोधी कायद्यात दुरुस्ती होऊन हा प्रकार अनुचित व्यापारी प्रथा ठरला. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदाही तेच सांगतो. मग फसवणूक टिकते कशी? जिल्हा आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, हे खरे. पण शंभर रुपयांच्या डब्यासाठी दिवसाची मजुरी कोण बुडवील? फसवणुकीचा सारा हिशेब ग्राहकाच्या या एकटेपणावरच बेतलेला आहे.

समान हितसंबंध असलेल्या ग्राहकांना, आयोगाच्या परवानगीने, सर्वांच्या वतीने एकच तक्रार करण्याची मुभा त्याच कायद्याच्या ३५ व्या कलमात आहे. कामगार व महिला संघटनांनी तिचा उपयोग केला पाहिजे. एकट्याची तक्रार हसण्यावारी नेता येते. हजारोंची नेता येत नाही.